कोपरावरचा चुडा

भोजाईचा आजार कशानं सुरू झाला यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. याडी म्हणायची उन्हानं. बापू म्हणायचा नजरेनं. शेजारणी म्हणायच्या माझ्यामुळे. अर्थात हे त्या माझ्यासमोर बोलत नसत. पण मी विहिरीवर गेले की त्यांचं बोलणं तुटायचं, आणि ते तुटलेलं बोलणं मला बरोबर ऐकू यायचं.

याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई, बापू म्हणजे बाप, आणि भोजाई म्हणजे माझ्या भावाची बायको. आमचा तांडा फुलसावंगीपासून बैलगाडीच्या वाटेवर, टेकडीच्या पायथ्याशी. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आजोबांच्या काळात ते बैल नांगराला लागले आणि आम्ही कापूस-तुरीचे शेतकरी झालो. फिरस्तीची खोड उरली ती एकट्या माझ्या भावात. तो कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि एकदा गेला की आठवडेच्या आठवडे घरी येत नसे. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, बाजारात वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावते आहे. हे सारं छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या एकदोन वर्षांतलं.

आता माझ्यामुळे म्हणजे काय, ते सांगते. आमच्या तांड्यात लग्नात बाईच्या दोन्ही दंडांवर, कोपराच्या वर, हाडाच्या पांढऱ्या बांगड्यांचा चुडा चढवतात. कोपराच्या खाली मनगटापर्यंत वेगळ्या बांगड्या असतात, त्या बदलता येतात. वरचा चुडा मात्र नवरा असेपर्यंत उतरायचा नाही. नवरा गेला की तांड्यातल्या विधवा जमतात, दगडानं तो फोडतात, आणि ते तुकडे त्याच्याबरोबर जातात. माझं लग्न झालं आणि दुसऱ्याच हंगामात कापसाचं गाठोडं गाडीत टाकताना माझा हात चाकाच्या आऱ्यावर आदळला. चुडा तडकला. मी त्याला दोरा गुंडाळला आणि कामाला लागले. त्यानंतर काही दिवसांतच माझ्या नवऱ्याला ताप भरला आणि तो गेला. सासरची माणसं म्हणाली, आधी चुडा तडकला, मग माणूस गेला. त्यांनी मला माहेरी आणून सोडलं.

याडी मला कधी म्हणाली नाही की हे तुझ्यामुळे झालं. पण तुझ्यामुळे झालं नाही असंही ती कधी म्हणाली नाही. त्या दुसऱ्या गोष्टीचा राग मी धरून होते.

भोजाई माझ्याच वयाची. कापूस वेचताना दोन्ही हातांनी वेचायची आणि तोंडानं माझी थट्टा करायची. त्या हंगामात तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. मग नाकाच्या शेंड्यापासून दोन्ही गालांवर तांबडा चट्टा उमटला, पंख पसरलेल्या पाखरासारखा. उन्हात गेली की तो पेटायचा. तोंडात फोड आले. संध्याकाळी बारीक ताप. आणि केस इतके गळायला लागले की कानाशी केसांना बांधायचे चांदीचे गोंडे, आम्ही त्यांना घुगरी म्हणतो, ते टिकेनात. ते नुसत्या केसांवर टांगलेले असतात. घुगरीही सवाष्णीचंच लेणं. भोजाईची घुगरी एकदा शेतात गळून पडली तेव्हा याडीचा चेहरा मी पाहिला. तिनं घुगरी उचलली, पुसली, भोजाईच्या केसांत बांधली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

याडीनं काही केलं नाही असं नाही. रक्त कमी झालं म्हणून बोकड कापला आणि त्याच्या रक्ताची सळोई करून भोजाईला खाऊ घातली. चट्ट्यावर पाला वाटून लावला. ढाणकीच्या बाजारातून काढा आणला. तरी एके दिवशी सकाळी भोजाईच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या. मग पाय सुजले, पोट सुजलं, शेवटी हात. तिच्या लघवीला ताकासारखा फेस येतो आणि तो विरत नाही, हे तिनं फक्त मला सांगितलं. हातांच्या सुजेनं चुडा दंडात रुतायला लागला. बापू म्हणाला, आता यवतमाळ.

बापू बैलांपाशी राहिला. भाऊ ट्रकवर, कुठल्या रस्त्याला कुणास ठाऊक. भोजाईला घेऊन याडी आणि मी निघालो, फुलसावंगीपर्यंत गाडीतून आणि पुढे मोटारीनं. मोटारीत भोजाईला बसवेना आणि झोपायला जागा नव्हती. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती म्हणाली, "बाई, मले वाटते मी भरली हाय. आतून पान्यानं भरली हाय." मी तिच्या रुतलेल्या चुड्याखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

यवतमाळच्या दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई नव्यानंच आल्या होत्या. नागपूरला शिकलेल्या, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या. त्यांनी भोजाईची लघवी काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर वरून तापवली, वर आंबट औषधाचे थेंब टाकले. नळीतली लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. याडीनं तोंडावर पदर घेतला. डॉक्टरीणबाईंनी भोजाईच्या गालांवरचा चट्टा पाहिला, बोटांचे सांधे दाबले, केसांतून हात फिरवला.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या तांड्यात कुत्री असतील?"

मला राग आला. माणूस मरायला टेकलंय आणि या कुत्र्यांची चौकशी करतात. "हायेत," मी म्हटलं. "कायले?"

"ती परक्यावर भुंकतात, चावतात. घरच्यांना चावत नाहीत. माणसाच्या रक्तातही असे राखणदार असतात. बाहेरून रोग आला की त्याला धरतात. कधीकधी, का ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, त्यांना घरचं आणि परकं कळेनासं होतं. मग ते घरच्यांनाच धरतात. हिच्या सांध्यांना धरलंय, कातडीला धरलंय, आणि आता हिच्या मूत्रपिंडांना धरलंय असं मला वाटतं."

पुढे मी याच दवाखान्यात कामाला लागले, शिकले, परिचारिका झाले, म्हणून त्यांचं म्हणणं आज जरा नीट सांगू शकते. या राखणदारांना प्रतिपिंडं म्हणतात आणि या आजाराला ल्युपस. आपल्या बहुतेक पेशींच्या मधोमध केंद्रक असतं. ल्युपसमध्ये प्रतिपिंडं आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या द्रव्यावर उलटतात. मेलेल्या पेशींतून ते द्रव्य रक्तात येतं, प्रतिपिंडं त्याला चिकटतात, आणि दोन्ही मिळून बारीक पुंजके होतात. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळणी. हे पुंजके त्या चाळणीत अडकतात; काही प्रतिपिंडं तर चाळणीतच जाऊन बसतात. तिथे ती शरीराच्या बाकीच्या लढवय्यांना हाका मारतात, आग पेटते, आणि त्या आगीत चाळणीचीच भोकं फाटतात. जे सत्त्व रक्तात राहायला हवं ते लघवीतून वाहून जातं, म्हणून फेस. रक्तातलं सत्त्व गेलं की पाणी रक्तात ठरत नाही, मांसात उतरतं. फाटकी चाळणी मीठपाणीही नीट बाहेर टाकत नाही. म्हणून सूज. आणि आग विझली नाही तर चाळणीचा वण होतो, वणातून काहीच गाळलं जात नाही, आणि माणूस आपल्याच विषानं मरतो.

त्या दिवशी यातलं मला एवढंच कळलं की भोजाईला भोजाईच मारते आहे.

ती हे सगळं खाटेवरून ऐकत होती. "मंग थे कुत्रे बांधता येत नाई का?" तिनं विचारलं.

"येतात. गोळ्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या सगळीच कुत्री बांधतात. तुझ्या छातीत एका बाजूला पाणी आहे, ताप आहे. हे क्षयानंही होतं. क्षय असेल तर घरात चोर आधीच शिरलाय, आणि मी कुत्री बांधली तर तो घर धुऊन नेईल. महिनाभरात संपशील. म्हणून आधी रक्त तपासायला हवं. या आजारात रक्तात एक खूण सापडते. ती सापडली तर आजच गोळ्या सुरू करते. थांबायला वेळ नाही, लघवी कमी कमी होत चाललीय."

मीठ त्यांनी त्याच क्षणी बंद केलं. मीठ वाहणाऱ्यांच्या घरातल्या बाईला आळणी खायला लावणाऱ्या त्या पहिल्याच, असं भोजाई म्हणाली. हसण्याइतकंही तिच्या अंगात त्राण नव्हतं, तरी म्हणाली.

रक्त घ्यायला बसल्या आणि रक्त मिळेना. पावलांवर सुई टोचली, पाणी आलं. पंजाच्या मागे टोचली, पाणी आलं. जिथे टोचावं तिथे सुजेचं पाणी. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कोपराच्या आतल्या खळगीत बोटानं चाचपलं. तिथे खोलवर शीर लागत होती. पण वरून चुडा, खालून बांगड्या, आणि मधलं मांस भिजवलेल्या कणकेसारखं फुगलेलं. सुई धरायला जागा नव्हती. त्यांनी चुड्याची कड जराशी वर सारली. खाली कातडी कापली गेली होती आणि तिथे पू धरला होता. दुसऱ्या दंडावरही तेच.

"हे दोन्ही हातांवरून करवतीनं कापून काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर शीर मिळणार नाही. आणि गोळ्या सुरू झाल्या की या जखमा भरणार नाहीत, विष अंगात चढेल."

खालच्या बांगड्या याडीनं स्वतः साबण लावून उतरवल्या. मग ती उठून उभी राहिली. "आता चाला घरी," ती म्हणाली.

"याडी," मी म्हटलं.

"तिचा नवरा जित्ता हाय. माहा लेक जित्ता हाय. चुडा नाई निंगत." तिनं गाठोडं उचललंसुद्धा.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. सून मरेल, एवढंच म्हणाल्या. याडी म्हणाली, आन् लेक मेला तं? त्यांना तो प्रश्नच कळला नाही. मला कळला होता. याडीचा पुरावा तिच्या शेजारीच उभा होता, उघड्या दंडांनी. पोरीचा चुडा तडकला तर जावई गेला. आता सुनेचा कापला तर लेक कसा राहील? आणि लेक ट्रक घेऊन कुठल्यातरी घाटात होता. आज पोचला का उद्या, कुणाला पत्ता नव्हता.

माझं डोकं फिरलं. "द्या थे करवत," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. "मी कापतो."

याडीनं माझं मनगट धरलं. मला दुखेल इतकं घट्ट धरलं. "तू हात लावू नको," ती म्हणाली. "तू नाई."

विधवेच्या हातानं फोडलेला चुडा म्हणजे विधवेचाच चुडा. हे मला माहीत होतं. तिला काय म्हणायचं होतं तेही माहीत होतं. तरी ते ऐकवेना. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वाटलं, ही बाई माझी आई नाही.

भोजाई खाटेवर उठून बसली होती. कशी बसली कोण जाणे. दम खात खात, थांबत थांबत ती बोलली. "याडी, तू काप. तू सवाशीन हाय. बापू घरी बैलं चारून राह्यला. दगडानं फोडायचा नाई, करवतीनं कापायचा. सवाशिनीनं कापला तं थो फुटला कसा म्हनता येईन? तू कापला तं त्याले काई होत नाई."

तांड्यात असा काही रिवाज नव्हता. भोजाईनं तो तिथल्या तिथे, खाटेवर बसून तयार केला. मला तो चटकन समजला आणि मला तिचा हेवाही वाटला. याडी उभीच होती. गाठोडं तिच्या काखेत. बाहेर रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला, त्याचा भोंगा वाजला, तेव्हा तिनं मान वळवून ऐकलं. मग गाठोडं खाली ठेवलं.

प्लास्टर कापायची लहान करवत होती. डॉक्टरीणबाईंनी चुडा आणि कातडी यांच्या फटीत पत्र्याची पट्टी कशीबशी सरकवली आणि भोजाई दातांत पदर धरून बसली. याडी कापत होती. हाड कडक असतं, करवत घसरायची, आणि प्रत्येक वेळी घसरली की याडी थांबून भोजाईच्या तोंडाकडे बघायची. हाडाचा पांढरा भुसा भोजाईच्या लाल फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घोळावर पडत होता. याडीचे ओठ हलत होते. नवस बोलत होती, शिव्या देत होती की लेकाचं नाव घेत होती, मला कळलं नाही. एकेक बांगडी टिचकन दुभंगायची. प्रत्येक आवाजाला मला माझा दगड आठवत होता. शेवटचीही निघाली तेव्हा दंडावर खोल ओल्या खाचा उरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी वर रबर बांधलं, सुई घातली आणि नळीत काळपट लाल रक्त भरलं. याडीनं सगळे तुकडे वेचून पदरात बांधले आणि ती जाऊन दाराच्या उंबऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसली.

रक्ताची खूण लगेच दिसत नाही. आधी रक्त गोठू द्यायचं, मग ती गुठळी मोडायची, पुन्हा कोमट ठेवायचं, फिरवायचं, काचेवर पसरून रंगवायचं. हे सारं होईपर्यंत मी खाटेपाशी होते आणि याडी उंबऱ्यावर. आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या गोष्टींची वाट पाहत होतो. भोजाईला झापड लागत होती. त्या दिवशी तिला जेमतेम वाटीभर लघवी झाली.

उन्हं कलता कलता डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवर वाकायला सांगितलं. मला आधी माझ्याच पापणीचे केस दिसले. मग जांभळे ठिपके. "मधोमध बघ," त्या म्हणाल्या. मधोमध एक पांढरी पेशी होती. तिनं एक मोठा, गुळगुळीत, जांभळा गोळा गिळला होता, आणि तिचं स्वतःचं केंद्रक कडेला चेंगरलं होतं. तो गोळा म्हणजे आपल्यापैकीच एका पेशीचं केंद्रक. प्रतिपिंडांनी त्याच्यावर परका म्हणून शिक्का मारला, आणि राखणदारानं तो गिळला. अशा आणखी काही पेशी त्यांनी मला दाखवल्या. क्षय नव्हता असं नव्हे, पण आता दुसऱ्या आजाराची खात्री होती. गोळी लगेच दिली गेली. चोरासाठी म्हणून क्षयावरची सुईही सोबत सुरू केली.

मी येऊन याडीला सांगितलं की खूण सापडली. तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "कोनती गाडी आली का?"

पुढचे दिवस मी आठवायला बसले की मला फक्त काचेची नळी दिसते. डॉक्टरीणबाईंनी मला लघवी तापवायला शिकवलं. रोज सकाळी मी नळी दिव्यावर धरायची आणि श्वास रोखून बघायची. आधी दह्यासारखा घट्ट थर. मग तसाच. मग पुन्हा तसाच, आणि मी चिडून नळी आपटायच्या बेतात. मग लघवी वाढली, पापण्या उतरल्या, आणि एका सकाळी नळीत दह्याऐवजी पातळ ताक दिसलं. गोळ्यांनी भोजाई कायमची बरी झाली असं मी म्हणणार नाही. आजार दबला. पुढे तो दोनदा उलटला, दोन्ही वेळा आम्ही तिला परत आणलं, आणि तिनं पुढे झालेली आपली पोरं मोठी केली. पण त्या सकाळी मला एवढंच कळत होतं की कुत्री बांधली गेली आहेत.

भाऊ मात्र येत नव्हता. याडी जेवत नव्हती. ट्रकचा आवाज आला की ती उठायची आणि ट्रक निघून गेला की बसायची. भोजाई बरी होत होती तशी याडी वाळत होती. जणू घरात एकच जीव होता आणि तो इकडचा तिकडे सरकत होता. भोजाईनं एकदा विचारलंसुद्धा, "त्याले काई झालं असन का वं बाई?" मी म्हटलं, काही होत नाही. मी हे तिच्यासाठी म्हटलं का स्वतःसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. भाऊ आला नसता तर मी दोन माणसांची मारेकरीण ठरले असते, एक माझा नवरा आणि दुसरा तो. चुडा मी कापला नव्हता, पण तांड्याला ते कोण सांगणार होतं?

त्यात आणखी एक घोळ झाला, तो आम्हाला नंतर कळला. आमच्या तांड्यातला एक माणूस कोर्टाच्या कामाला यवतमाळला आला होता. दवाखान्याच्या रस्त्यानं जाताना त्यानं पाहिलं, पडवीत भोजाई तोंड धुते आहे आणि तिचे दंड उघडे आहेत. उंबऱ्यावर याडी डोक्याला हात लावून बसलेली. त्यानं काही विचारलं नाही. उघड्या दंडाच्या बाईला आमच्यात काही विचारत नाहीत. तो तसाच मोटारीत बसला आणि तांड्यात जाऊन त्यानं माझा भाऊ मेल्याची बातमी दिली.

आणि भाऊ आला. मी दिव्यावर नळी धरून बसले होते. दारात तो उभा राहिला, धुळीनं भरलेला, डोळे लाल. त्याच्या मागे रस्त्यावर गाठींनी लादलेला ट्रक तसाच घरघरत होता. बंद करायचंही त्याला भान नव्हतं. उंबऱ्यावर याडी होती. तिला ओलांडून तो आत आला. त्यानं भोजाईचे दंड पाहिले.

"कोनं कापला?" त्यानं विचारलं. आवाज खालचा होता, पण मी नळी बाजूला ठेवली.

याडी मागून आली. "म्या," ती म्हणाली.

तो काही बोलणार होता. मग त्यानं भोजाईचं तोंड पाहिलं. सूज उतरून तिचं नाक, तिची हनुवटी परत आली होती. तो खाटेच्या कडेवर बसला. "मी घरी गेलतो," तो म्हणाला. "बाया रडून राह्यलत्या. म्या विचारलं, कोन गेलं? तं मलेच पाहून किंचाळल्या. मलेच रडून राह्यलत्या, याडी. बापू मले चाचपून पाहत होता, निस्तं यवतमाळ यवतमाळ म्हने. बाकी कोनी काई सांगे ना. मले वाटलं, हेच गेली."

भोजाई हसली. मोठ्यानं हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "मेला तं तू होता," ती त्याला म्हणाली, "आन् औषध मी खाऊन राह्यली."

याडी हसली नाही. ती त्याच्यापाशी गेली. त्याचं डोकं, कान, खांदे, हात, सगळं तिनं हातानं पाहिलं, बाजारात बैल पाहतात तसं. पाहून झाल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. इतके दिवस ते तुकडे तिनं उशाला घेतले होते, कुणाला हात लावू दिला नव्हता. तिनं ते खाटेवर ओतले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. चुडा गेला होता आणि लेक समोर बसला होता.

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, काही आणायला सांगेल. तिनं माझे दोन्ही दंड धरले, कोपराच्या वर, जिथे माझा चुडा होता तिथे. नवरा गेल्यापासून तिथे कुणी हात लावला नव्हता.

"हाड होतं थे, बाई," याडी म्हणाली. "तुह्या हातातलंही हाडच होतं."

नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते. रडण्याचा मला हक्क नाही असं मला वाटलं होतं. त्या दिवशी रडले. याडी दंड सोडेना, आणि भोजाई खाटेवरून उतरून आली, आणि तिनं आपल्या उघड्या हातांनी आम्हा दोघींना धरून ठेवलं.